तीन लाखांत लग्न होतं का? आणि मुळात करायचं का? (नाशिक)

पाथर्डीफाटा_ए३

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचक आहे, पहिल्यांदा धागा काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

मी ३०, तो ३२. दोघंही अंबडला, वेगवेगळ्या कंपन्यांत. दीड वर्षापासून पाथर्डी फाट्याजवळ एका फ्लॅटमध्ये एकत्र राहतो. घरमालकांना 'लग्न ठरलंय' असं सांगितलं होतं. ते आता दर महिन्याला भाडं घेताना तारीख विचारतात. माझ्या आईला सगळं माहीत आहे. बाबांना 'माहीत नाही', म्हणजे ते तसं वागतात.

आता दोन्ही घरून रेटा सुरू झालाय. बाबांची यादी ६५० माणसांची, आणि ही फक्त आमची बाजू. त्याचं गाव सिन्नर तालुक्यात, तिथे चूलबंद आवतन द्यायची पद्धत, म्हणजे अख्ख्या घराला जेवण, त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही. संभाजीनगर रोडवरच्या एका लॉन्सचा आकडा आला: जागा, जेवण, डेकोरेशन मिळून ११ लाख. त्यात कपडे नाहीत, फोटो नाहीत. सोन्याचं तर नावच नको, तोळा लाखाच्या वर गेलाय.

आमच्या दोघांच्या खात्यांतून काढता येतील असे ३ लाख आहेत. आईबाबांच्या एफडीला हात लावायचा नाही आणि कर्ज काढायचं नाही, एवढं दोघांचं पक्कं ठरलंय.

तर प्रश्न दोन.

१. तीन लाखांत, माणसांना नीट जेवू घालून, नाशकात लग्न होतं का? कोणी केलंय का?

२. हा त्याचा प्रश्न. परवा रात्री भांडी घासता घासता म्हणाला, "आपण राहतोय ते छानच चाललंय की. मग लग्न नक्की कोणासाठी करतोय?" मला उत्तर सुचलं नाही. राग आला, आणि प्रश्न बरोबर आहे असंही वाटलं.

रुमाल_टाकला

जागा धरून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

कॉलेजरोडची_कार्टी

दुसरा प्रश्न विचारताना तो भांडी घासत होता ना? मग करून टाक लग्न. असा मुलगा ११ लाखांतही मिळत नाही.

निफाडचा_नाना

ताई, मी उलट बाजूचा माणूस आहे, तेव्हा आधीच माफी मागतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न केलं. चौदाशे पान उठलं. मुहूर्त १२.३५ चा, अक्षता पडल्या दोन वाजून दहा मिनिटांनी. का, तर स्टेजवर मान्यवरांचे सत्कार. आजी आमदार, माजी आमदार, सोसायटीचे चेअरमन, बाजार समितीचे संचालक. एकाला शाल दिली म्हणून दुसऱ्याला, दुसऱ्याला दिली म्हणून तिसऱ्याला. चारशे टॉवेल-टोप्या आणल्या होत्या, त्या संपल्या. पोरगी मेकअप करून दीड तास उपाशी बसलेली. नवरदेवाला चक्कर यायची बाकी होती. खर्च साडेबारा लाख. त्या साली कांद्यानं हात दिला नसता तर मी आज हे लिहायला रिकामा नसतो.

सत्कार, डीजे, फटाके यांचा आता मलाच वीट आलाय. पण माणसं कमी करा म्हणता, तिथं माझं अडतं. आमच्या घरात आहेराची वही आहे, आजोबांच्या वेळेपासूनची. कोणी सव्वा रुपया घातला, कोणी पातेलं दिलं, सगळं लिहिलेलं. आपल्या घरी कार्य निघालं की ती वही उघडायची, त्यांच्या घरी निघालं की त्यांची. तुम्ही शहरातले याला मानपान म्हणून हसता. माझा बाप गेला तेव्हा हेच चौदाशे लोक दारात उभे होते. ज्यांच्या घरी मी चाळीस वर्षं जेवलो, त्यांना एकदा जेवायला घालायचं नाही का?

आता कामाचं सांगतो. लॉन्सवाला ताटाला ४०० घेतो. आमच्या वस्तीवर पुतण्याचं लग्न झालं तेव्हा आम्ही आचारी सांगितला, शिधा आम्ही भरला, कांदा-बटाटा-वांगी घरची, वाढायला भाऊबंदांची पोरं. वांगं-बटाटा, वरण-भात, पुरी, बुंदी, मठ्ठा. ताट नव्वद रुपयांच्या आत बसलं. मंडप शाळेच्या मैदानात. सिन्नरला गाव आहे म्हणता, मग जागेला पैसे कशाला घालता?

तिरका_चष्मा

नाना, वहीचा मुद्दा मान्य. पण त्या वहीत मुलीचं नाव कुठे असतं? खर्च बापाचा, आहेर बापाचा, सत्कार आमदाराचा, आणि उपाशी मुलगी.

निफाडचा_नाना

बोललात ते खरंय. मी तेच लिहिलंय वरती, फक्त तुम्ही चार शब्दांत लिहिलं.

सातपूरकर

आमचं लग्न २०२१ च्या एप्रिलमधलं. आठवतंय ना? २५ माणसं, दोन तास, त्यापुढे गेलात तर ५० हजार दंड. त्याआधी हॉल ठरवलेला, ७०० पत्रिका छापलेल्या. त्या पत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर बाबा अजून दुधाचा हिशोब लिहितात.

घराच्या गच्चीवर लग्न झालं. गुरुजींसकट २५, म्हणून माझा सख्खा मामा जिन्यात उभा राहिला, तो २६ वा. एकूण खर्च ६१ हजार. त्यातले १८ हजार नुसत्या बायकोच्या पैठणीचे, येवल्याहून आणलेली.

लोक म्हणतात लॉकडाऊनने साधी लग्नं शिकवली. मला तसं काही दिसलं नाही. २०२२ उजाडलं आणि ज्यांनी ५० माणसांत उरकलं होतं त्यांनीच ८०० चं रिसेप्शन ठेवलं. आमच्या आईलाही ठेवायचं होतं, आम्ही दोघांनी हट्टाने ठेवलं नाही. त्याची किंमत: एक मावसकाका अजून बोलत नाहीत. पण ६१ हजारांत लग्न आणि वर एक मावसकाका कमी, मला तरी सौदा वाईट वाटत नाही. (हलके घ्या. काका हे वाचत असतील तर या जेवायला.)

तूपसाखर

तारीख कधीची धरताय? सिंहस्थ तोंडावर आलाय, ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण. एक तर तेव्हा शहरात हॉटेल मिळणार नाही, मिळालं तर परवडणार नाही. दुसरं म्हणजे गुरू सिंहेत असताना गोदावरी आणि गंगा यांच्या मधल्या प्रदेशात लग्न वर्ज्य मानतात. माझ्या सासूबाई तर त्या काळात साखरपुडाही होऊ देत नसत.

कॉलेजरोडची_कार्टी

थांबा काकू. गंगा उत्तरेला. म्हणजे गोदावरीच्या उत्तर काठापासून पुढे वर्ज्य?

तूपसाखर

हो, तसंच धरतात.

कॉलेजरोडची_कार्टी

मग पंचवटी वर्ज्य आणि सिडको चालेल! औरंगाबाद नाक्यापलीकडची सगळी लॉन्स शास्त्राने बाद. पाथर्डी फाटा दक्षिण काठाला. ११ लाख वाचले, काकूंना साष्टांग नमस्कार.

रुमाल_टाकला

नवरीने पंचवटीत नटायचं, होळकर पुलावरून चालत यायचं आणि अलीकडे अक्षता. पुलाच्या मधोमध मुहूर्त अर्धा लागू.

तूपसाखर

हसा हसा. तुमच्या आईला विचारा, तुमची पत्रिका बघितली होती की नाही.

काळा_कोट

मी नाशिकच्याच कोर्टात असतो. धागा हसण्यावारी जाण्याआधी कामाचं लिहून ठेवतो.

लग्न करायचं ठरलं तर रस्ते दोन.

एक, आधी विधी आणि मग नोंदणी. हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे विधी करायचे आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नोंद करायची. अशी कार्यालयं सहा आहेत. पाथर्डी फाटा सिडको किंवा नाशिक पूर्वला येईल, ते तिथे विचारून घ्या. राज्याच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत नोंदवायचं, नंतर गेलात तर दंड. पत्रिका, गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार लागतात. एक गोष्ट लक्षात घ्या: विधी झालेच नसतील आणि नुसतं प्रमाणपत्र काढलं, तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न टिकत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. 'व्हिसासाठी आधी सर्टिफिकेट काढू, फेरे मग बघू' म्हणणारी जोडपी दर महिन्याला येतात, म्हणून सांगतो.

दोन, विशेष विवाह कायदा १९५४. याला लोक कोर्ट मॅरेज म्हणतात, पण कोर्टाचा काही संबंध नसतो, विवाह अधिकाऱ्यापुढे होतं. दोघांपैकी एकजण किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहणारा हवा. नोटीस द्यायची, ती फलकावर लागते. ३० दिवसांत कायदेशीर हरकत आली नाही की तीन साक्षीदार घेऊन जायचं आणि सह्या करायच्या. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं नाही तर पुन्हा नोटीस. 'आमच्या घरच्यांना पसंत नाही' ही कायदेशीर हरकत होत नाही. आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, निषिद्ध नात्यात असणं, अशी ठरावीक कारणंच चालतात.

सरकारी शुल्क मिसळीच्या बिलाएवढं. बाहेर फिरणारे एजंट पाच-सात हजार मागतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा. अर्ज ऑनलाइन भरता येतो.

पाथर्डीफाटा_ए३

धन्यवाद सर. म्हणजे विशेष विवाह कायद्याने केलं तर विधी नकोत, पत्रिका नको?

काळा_कोट

कायद्याला नकोत. आईला हव्या असतील तर वेगळं.

त्रिशरण_पंचवटी

आमच्याकडे विहारात लग्न लागतं. पांढरे कपडे, वंदना, परस्परांना हार, पाऊण तास. माझ्या आईवडिलांचं लग्न तसं झालं, जेवणाला फक्त लाडू आणि चिवडा. पण खोटं कशाला बोलू, आमच्याही पोरांना आता घोडा हवा, ड्रोन हवा, हळदीला डीजे हवा. विधी पाऊण तासाचा आणि वरात चार तासांची.

साध्या लग्नाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. सत्यशोधक समाज सप्टेंबर १८७३ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, वधूवरांनी एकमेकांना शपथ दिली. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. दीडशे वर्षं झाली आणि आपण अजून विचारतोय, भटजीशिवाय होतं का.

सातपूरकर

दादा, आणि आंतरजातीय असेल तर ५० हजारांची सरकारी मदत आहे ना? दोघांपैकी एक अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातला असावा लागतो. समाजकल्याणकडे अर्ज.

पाथर्डीफाटा_ए३

आमची जात एकच निघाली. घरच्यांना तेवढाच एक आनंद. ५० हजार गेले.

तिरका_चष्मा

सगळे पहिल्या प्रश्नावर तुटून पडलेत कारण तो सोपा आहे. दुसऱ्यावर मी बोलतो.

नका करू. दोन कमावती माणसं, दीड वर्ष एका छताखाली नीट नांदताहेत. नांदण्यासाठी जे लागतं ते सगळं त्यांच्याकडे आहे. लग्नाने यात काय भर पडणार? सासू-सासरे, सण-वार, 'गोड बातमी कधी' आणि घटस्फोटाची पात्रता. लिव्ह-इनमध्ये राहणं गुन्हा नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. तुमच्या घरमालकाला तारीख हवी आहे म्हणून तुम्ही लग्न करणार का?

कॉलेजरोडची_कार्टी

चष्मेवाले, तुम्ही कधी बाई म्हणून फ्लॅट शोधलाय का? एकट्या मुलाला 'बॅचलर नको' म्हणतात. आम्हाला 'कोण येतं-जातं' विचारतात. आणि लिव्ह-इन मोडलं की त्याचं 'अफेअर होतं' आणि तिचं 'आयुष्य वाया गेलं'.

तिरका_चष्मा

मग बदलायला समाज हवा, लग्न का?

कॉलेजरोडची_कार्टी

समाज बदलेपर्यंत भाडं कोण भरणार, तुम्ही?

दोघं_मित्र

बाजूला बसून वाचतोय. आम्ही दोघं नऊ वर्षं एकत्र आहोत, दोघंही पुरुष. 'लग्न करायचं का' हा प्रश्न पडण्याची चैन आम्हाला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा समलिंगी लग्नावरचा निकाल ऐकायला ऑफिसातून सुट्टी काढली होती, दुपारी परत कामावर गेलो. तुमच्या धाग्यात मीठ टाकत नाही, पण कोणी 'कागदाने काय फरक पडतो' म्हटलं की पोटात कालवतं.

उंबरठा

मी इथे फारसं लिहीत नाही. वरचा शेवटचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

माझं वय ५९. नाशिकरोडला राहत होते. ते आणि मी १९९८ पासून एकत्र होतो, लग्न न करता. तेव्हा लिव्ह-इन हा शब्दही नव्हता, शेजारी जे म्हणायचे तो इथे लिहिण्यासारखा नाही. आम्ही चळवळीतली माणसं. लग्नसंस्था नाकारायची हे ठरवून केलेलं होतं, पळवाट म्हणून नाही. एकवीस वर्षं सुखाची गेली. भांडणंही झाली, तीही सगळ्यांसारखीच, गॅस कोणी चालू ठेवला यावरून.

२०१९ च्या पावसाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयात फॉर्म पुढे आला. त्यात 'रुग्णाशी नातं' असा एक रकाना होता. मी पेन हातात धरून उभी राहिले. शेवटी 'मैत्रीण' लिहिलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, घरचं कोणी आहे का?" मी तेव्हा ५२ ची होते आणि आजीही नव्हते. त्यांच्या भावाला फोन केला. भाऊ बारा वर्षं बोलत नव्हते. ते आले, त्यांनी सही केली. तीन दिवसांनी हे गेले.

फ्लॅट यांच्या नावावर होता, कारण कर्ज यांच्या पगारावर मिळालं होतं. हप्ते दोघांनी भरले, माझे रोख, घरखर्चातून. त्याची नोंद कोण ठेवतं? पीएफला नॉमिनी त्यांची आई, नोकरीला लागल्या दिवसापासूनची. मृत्युपत्र नव्हतं. आम्ही दोघं मरणावर कविता ऐकायचो, मृत्युपत्रावर कधी बोललो नाही. भाऊ वाईट माणूस नाही. त्यांनी मला सहा महिने राहू दिलं. 'राहू दिलं' हा शब्द मी पहिल्यांदा तेव्हा वापरला. शिलाई मशीन, पुस्तकं आणि एक पितळी पिंप घेऊन निघाले. पिंप माझ्या आईचं होतं, त्यावर तिचं नाव कोरलेलं, म्हणून त्यावर वाद झाला नाही.

लग्न करा असं मी म्हणत नाहीये. आमचं ठरवणं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण ज्याने भांडी घासताना तो प्रश्न विचारला, त्याला माझं एवढं सांगा की फॉर्मवरच्या त्या रकान्यात काय लिहायचं हे आधी ठरवून ठेवा.

सातपूरकर

ताई, काय लिहू कळत नाही. नमस्कार.

निफाडचा_नाना

पितळी पिंपावरचं नाव. आमच्याकडं भांड्यावर नाव घालतात ते का, ते आज समजलं.

काळा_कोट

उंबरठा ताईंनी लिहिलं त्याला जोडून, जे लग्न करणार नाहीत त्यांच्यासाठी:

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'लग्नासारख्या नात्यातल्या' बाईला संरक्षण, पोटगी, राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. २०१० च्या एका निकालात त्याच्या कसोट्या आहेत: दोघं लग्नाला पात्र असावेत, लोकांपुढे पतीपत्नीसारखं राहिलेले असावेत, बऱ्यापैकी काळ एकत्र राहिलेले असावेत. पण वारसाहक्क त्यात येत नाही. हिंदू वारसा कायद्यात पत्नी पहिल्या वर्गाची वारस आहे. सोबती कितीही वर्षांचा असो, कोणत्याच वर्गात नाही.

म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, केली तर उत्तम. घर घेताना दोघांची नावं घाला आणि हप्ते बँकेतून जाऊ द्या. आणि 'नॉमिनी लावलाय, आता झालं' असं समजू नका. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक बहुतेक वेळा वारसच असतो. पीएफचं आणखी वेगळं: कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो, आणि लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन रद्द होतं, नवं भरावं लागतं. माझ्या अशिलांपैकी निम्म्यांनी लग्नानंतर ते भरलेलं नसतं.

तिरका_चष्मा

माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण त्यातलं 'लग्नाने काय भर पडणार' हे वाक्य खोडतो.

भांडीबाजार_बॉय

वातावरण जड झालंय, मूळ प्रश्नाकडे येतो. हिशोबाचा माणूस आहे, तीन लाखांचं गणित मांडू द्या.

दुपारचं जेवण हेच खर्चाचं मूळ. लग्न सकाळी ठेवा. साडेनऊला हार, दहाला नाश्ता. आणि नाशिकच्या माणसाला सकाळी दहाला काय लागतं? मिसळ! सोबत पापड, दही, जिलेबी, चहा. मोठ्या ऑर्डरला माणशी १२० धरा. ३०० माणसं, ३६ हजार. लोक सुट्टी न टाकता येऊन अकराला कामावर जातील, वर दुवा देतील.

तूपसाखर

लग्नात मिसळ! विहीणबाई काय म्हणतील?

भांडीबाजार_बॉय

'तर्री आण अजून' म्हणतील.

रुमाल_टाकला

काळा रस्सा की लाल? यावर लग्न मोडू शकतं.

सातपूरकर

लाल. चर्चा संपली.

कॉलेजरोडची_कार्टी

काळा. चर्चा आत्ता सुरू झाली.

निफाडचा_नाना

आमचे सिन्नरचे पाहुणे मिसळीला जेवण मानायचे नाहीत. त्यांना गावाकडं वेगळं वांगं-बटाटा-बुंदी घाला. शिधा आपला, मैदान शाळेचं, म्हटलं तसं. ३०० पान धरलं तरी ३० हजार.

भांडीबाजार_बॉय

नानांचं धरून: नाश्ता ३६, गावचं जेवण ३०, मंडप-खुर्च्या-साउंड २५, छोटा हॉल अर्ध्या दिवसाचा ३०, कपडे ४०, फोटोवाला अर्ध्या दिवसाचा २०, मंगळसूत्र जेवढं झेपेल तेवढं, वाटी छोटी घ्या. शिवाय एखाद्या दादाला द्यावे लागणारे 'इतर' १५. मंगळसूत्र सोडून दोन लाखांच्या आत मांडलंय, एक लाख हाताशी राहतो. रुखवताला काही काढू नका, तुमच्याकडे दीड वर्षाचा संसार मांडलेला आहेच. तोच टेबलावर मांडा.

कॉलेजरोडची_कार्टी

कुकर, मिक्सर आणि भांडी घासणारा नवरा. असं रुखवत बघायला मी तिकीट काढून येईन.

पाथर्डीफाटा_ए३

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. सगळं वाचत होते.

उंबरठा ताईंचा प्रतिसाद मी त्याला फोनवर दाखवला. त्याने दोनदा वाचला, काही बोलला नाही, उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळाने आत येऊन विचारलं, "तुझ्या पीएफला नॉमिनी कोण आहे?" म्हटलं, बाबा. म्हणाला, "माझ्याही बाबाच आहेत." मग आम्ही रात्री एक वाजेपर्यंत पासवर्ड शोधत बसलो. लग्न कोणासाठी, हे तो अजून अधूनमधून विचारतो. पण मागच्या सोमवारी नोटीस त्यानेच भरली.

बाबांच्या यादीचं नानांनी सोडवलं, त्यांना माहीत नसेल. मी बाबांना म्हटलं, आपली आहेराची वही काढा. गेल्या दहा वर्षांत ज्यांच्या घरी तुम्ही किंवा आई स्वतः जाऊन जेवलात, तेवढ्यांनाच बोलावू. दोन रात्री आईबाबा वही घेऊन बसले. काही नावांवर भांडले, काहींवर हसले. एका नावावर आई रडली, तो माणूस मागच्या वर्षी गेलाय हे त्यांना वहीतूनच आठवलं. यादी २१० वर आली. मिसळीला बाबा तयार नव्हते, पण जिलेबी आणि मठ्ठा धरल्यावर राजी झाले. सिन्नरला गावजेवण, सासूबाई म्हणाल्या सत्कार फक्त एकाचा, शाळेच्या हेडमास्तरांचा, मैदान दिलं म्हणून.

आता एकच अडलंय. ज्या दिवशी सह्या त्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. एक आई, एक त्याचा मित्र. तिसरे बाबा असतील असं धरलं होतं. बाबा म्हणतात, मी येईन, पण अक्षता पडल्याशिवाय सही करणार नाही. मैत्रीण पुण्याला, तिला सुट्टी नाही. नाशकात कोणी आहे का?

सातपूरकर

मी आलो असतो, पण त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट.

उंबरठा

मी येते. चालेल का?

पाथर्डीफाटा_ए३

ताई, चालेल काय विचारता.

काळा_कोट

अकराची वेळ दिली असेल तर साडेदहाला पोचा. मूळ आधार आणि झेरॉक्स, दोन्ही. साक्षीदाराच्या फॉर्ममध्येही नातं विचारतात कधी कधी.

उंबरठा

लिहीन काहीतरी. त्या दिवशी मिसळ कुठली आहे?

कॉलेजरोडची_कार्टी

काळी.

सातपूरकर

लाल!